आधी तुझा डबा पेपरवर उलटा कर

अरे,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, लगेच लिहायला घेतलं होतं पण एवढं मोठं मोबाईलवर टाईप करायचं म्हणजे डोळे दुखतात, म्हणून आज सकाळी चहा घेऊन निवांत बसलेय. कांजूरला घर मिळालं, ऑफिस जवळ झालं, लोकलची रोजची धक्काबुक्की वाचली, ऐकून खूप बरं वाटलं. पण तू लिहिलंयस ना, की रात्री वारा फिरला की खिडकीतून डम्पिंग ग्राउंडवरच्या कचऱ्याचा वास येतो आणि झोपच लागत नाही, आणि त्याच मेसेजमध्ये खाली विचारलंयस की घरातला कचरा कमी करायचाय तर काय काय विकत घेऊ, बांबूचा ब्रश, स्टीलचा स्ट्रॉ, कसल्या कसल्या पिशव्या, लिस्टच पाठवलीयस. तर या दोन्हीचं उत्तर माझ्या मते एकच आहे आणि त्यासाठी सध्या काहीही विकत घ्यायचं नाहीये.

आधी एक काम कर. रविवारी सकाळी जमिनीवर जुना पेपर अंथर, दोन-तीन थर, आणि तुझा कचऱ्याचा डबा त्यावर सरळ उलटा कर. किळस येईल, येऊ दे, एकदाच करायचंय. बघ काय काय निघतं. चहाचा चोथा, कांद्याची सालं, केळ्याची सालं, अर्धी राहिलेली पोळी, पार्सलचा डबा आणि त्याच्या तळाला थिजलेली ग्रेव्ही, दुधाच्या पिशव्या, कुरिअरचा पुठ्ठा आणि त्या पुठ्ठ्यावर सांडलेली आमटी. आता काडीने ओलं एका बाजूला आणि कोरडं दुसऱ्या बाजूला कर. वजनाने ओलंच जास्त भरेल बघ, बहुतेक सगळ्यांच्या घरी भरतं. आणि नीट वास घेतलास तर कळेल की पुठ्ठ्याला स्वतःचा काही वास नाही, प्लास्टिकलाही नाही, त्यांना जो वास लागलाय तो त्या ओल्याचा, आणि पुठ्ठा आमटीत भिजला म्हणून आता रद्दीवाला तो घेणार नाही. म्हणजे एका वाटीभर आमटीने डबाभर विकाऊ माल फुकट गेला.

तुझ्या खिडकीतला वास हाच आहे रे. मुंबईत रोज सहा हजार टनांच्या वर कचरा निघतो, त्यातला बहुतेक आता कांजूरलाच येतो, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त ओलं असतं. ओलं एकावर एक दाबलं गेलं की आत हवा पोचत नाही, मग ते सडतं, त्यातून मिथेन निघतो, खालून काळं पाणी झिरपतं. मी गोवंडी-चेंबूरच्या हद्दीवर तीस वर्षं काढलीत, देवनारचं डम्पिंग तर १९२७ पासूनचं. २०१६ च्या जानेवारीत तिथे जी आग लागली ती तू तेव्हा शाळेत असशील म्हणून आठवत नसेल, पण नासाच्या सॅटेलाईट फोटोंमध्ये तो धूर दिसला होता आणि आजूबाजूच्या शाळा बंद ठेवायला लागल्या होत्या. आमच्याकडे खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावून बसलो होतो, माझ्या सासूबाईंना दम्याचा त्रास, त्या रात्री उशाला तीन उश्या घेऊन बसून होत्या, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून आमच्याच डस्टबिनकडे बघत होते. त्या वर्षापासून आमच्या घरातलं ओलं बाहेर गेलेलं नाही. म्हणजे जवळपास, मटणाची हाडं वगैरे सोडली तर.

तू आता म्हणशील की मी घरात वेगळं करून काय उपयोग, खाली जाऊन सगळं एकत्रच होतं. हे मला प्रत्येक जण म्हणतं, आणि कधीकधी होतंही तसं, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण म्हणूनच सांगतेय की ओलं खाली पाठवूच नकोस आणि कोरडं थेट रद्दीवाल्याला दे, मग एकत्र व्हायला उरतंच काय?

ओल्याचं खत घरात करायचं. एकट्या माणसाला रंगाच्या दोन जुन्या बादल्या पुरतात, वीस लिटरच्या, कुठल्याही रंगकाम चाललेल्या बिल्डिंगखाली मागितल्यास तर कोणीही देईल. गरम सळईने बादलीला सगळीकडून भोकं पाड, तळालाही चार-पाच, खाली एक जुनं ताट ठेव. तळात नारळाच्या शेंड्या, त्यावर सुका पाला, मग रोजचं ओलं बारीक चिरून, आणि त्यावर पुन्हा मूठभर पाला, ओलं दिसेनासं होईपर्यंत. बस. दोन दिवसांनी एकदा काडीने वरखाली करायचं. पहिली बादली भरली की ती झाकून बाजूला ठेवायची आणि दुसरी सुरू करायची, दुसरी भरेपर्यंत पहिलीतलं काळं, भुसभुशीत होतं, पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास येतो त्याला. साधारण दोन महिने, पावसाळ्यात जास्त.

पाल्याचं मात्र मनावर घे, सगळं तिथेच अडतं. पहिल्या वर्षी मी जूनमध्ये सुरुवात केली, सुका पाला जमवलेलाच नव्हता, वर उरलेलं वरण पण त्यातच ओतत होते. आठव्या दिवशी असा वास सुटला की खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या, चिडून नव्हे पण आल्या, आणि मला इतकं वाईट वाटलं की बादली टाकूनच देणार होते. आमच्याकडे तेव्हा सुका कचरा गोळा करायला एक बाई यायच्या, परिसर भगिनी. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ च्या सुमारास कचरावेचक बायकांसाठी परिसर विकासचं काम सुरू केलं, ज्योती म्हापसेकरांची ती संघटना, त्यात या बायकांना खताचं सगळं शिकवलेलं असतं. त्यांनी सरळ हात घातला बादलीत, मूठ दाबली, बोटांमधून पाणी गळलं. म्हणाल्या, "ताई, हे भिजलंय नुसतं, श्वास कुठून घेणार? पाला कुठाय?" मग त्यांनीच कुठूनतरी पोतंभर पाला आणला, अर्धी बादली बाहेर काढून त्यात कालवला, थोडं आंबट ताक शिंपडलं, आणि तीन दिवसांत वास गेला. तेव्हापासून माझं माप तेच, मूठ दाबली की गोळा व्हावा पण पाणी गळू नये. गळलं तर पाला घाल, भुगा झाला तर जरा पाणी शिंपड.

पाला फुकट आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याच्या कडेला ढीग लागतात, त्यातला पर्जन्यवृक्षाचा सगळ्यात चांगला, पानं एवढीशी असतात की कुस्करायलाही लागत नाहीत. सकाळी झाडणाऱ्या दादांना सांगून ठेव, दोन पोती भरून घे आणि पावसाळ्यासाठी कोरडी ठेव. आत्ता पाला नसेल तर सुताराकडचा भुसा घे, पण प्लायवूडचा नको. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नकोस, ती कामच करतेय. जाड्या अळ्या दिसल्या तरी त्या काही करत नाहीत, पण तुला नको असतील तर पाला वाढव. तेलकट भाज्या, हाडं, मासळीचं घालू नकोस. मासळी तू आणतोसच, तर बाजारात मावशींकडूनच साफ करून घे, कोळंबीची सालं मात्र घरी आण आणि उकळून त्या पाण्यात कालवण कर, चव बघ कशी येते.

आता कोरडं. त्यात एकच नियम, धुऊन वाळवून ठेवायचं. दुधाची पिशवी कापतोस कशी तू? बहुतेक जण कोपरा छाटतात आणि तो तिकोनी तुकडा सिंकमध्ये पडतो, तिथून गटारात. तो एवढासा तुकडा कोणी वेचू शकत नाही, कोणी विकत घेत नाही. म्हणून चीर द्यायची पण तुकडा पिशवीलाच लटकता ठेवायचा. मग पिशवी आतून विसळायची, ते पाणी कुंडीला घालायचं, आणि पिशवी सिंकवरच्या टाईल्सला चिकटवून द्यायची, ओली असली की छान चिकटते, वाळली की आपोआप सुटून पडते. महिन्याच्या पिशव्या एकात एक घालून ठेव, रद्दीवाला किलोवर घेतो. पैसे किती येतात ते सोड, पण ती पिशवी धारावीच्या १३ कंपाउंडसारख्या ठिकाणी जाऊन तिचे दाणे होतात, पुन्हा काहीतरी बनतं, नाल्यात जात नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मी सायनवरून कंबरभर पाण्यातून चालत घरी आले होते, आणि पाणी ओसरल्यावर गटाराच्या जाळ्यांमधून कामगार ज्या पिशव्या ओढून काढत होते ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे.

वेफर्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं मात्र रद्दीवालाही घेत नाही. त्यावर उपाय एकच, कमी आणायची. कोपऱ्यावर वेफर्सवाला ताजे तळून देतो, डबा घेऊन जा. पोळीभाजी केंद्रातून आणतोस ना संध्याकाळी, तिथेही डबा ने, पहिल्या दिवशी जरा ऑकवर्ड वाटेल, चौथ्या दिवशी त्या काकू स्वतःच म्हणतील दे इकडे डबा, आणि भाजी दोन चमचे जास्तच घालतील. कापडी पिशवी बॅगेत कायम असू दे, २०१८ च्या मार्चमध्ये प्लास्टिकवर बंदी आली तेव्हा ५००० रुपये दंडाच्या भीतीने सगळ्यांनी कापडी पिशव्या घेतल्या होत्या, आता त्या दाराआड लटकून असतात.

आणि ब्लेड. दाढीचं ब्लेड, फुटलेली काच, हे कधीही सुटं टाकू नकोस. कॉफीच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला झाकणात चीर पाड, ब्लेडं त्यात टाकत जा, काच जाड पेपरात गुंडाळून वर मोठ्या अक्षरात काच लिही. त्या परिसर भगिनींच्या हातावर मी कापल्याच्या खुणा मोजल्या होत्या एकदा, उजव्या हातावरच सात होत्या. त्या सगळ्या आपल्यासारख्यांच्या घरातून आलेल्या.

स्वयंपाकाचं तुझ्या आईने शिकवलंच असेल. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालांची चटणी, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत, शिळ्या पोळीचा कुस्करा. एकट्याला अख्खी मेथीची जुडी संपत नाही, भाजीवालीला अर्धी माग, देते ती, किंवा समोरच्या घरात वाटून घे.

तुझी सोसायटी मोठी आहे म्हणालास. २०,००० चौरस मीटरच्या वरची असेल किंवा रोज १०० किलोच्या वर कचरा निघत असेल तर ओल्याची व्यवस्था त्यांनी आवारातच करायची असा महापालिकेचा नियम २०१७ पासून आहे. पण लगेच मीटिंगमध्ये उभा राहून बोलू नकोस, भाडेकरूचं कोणी ऐकत नाही. आधी दोन महिने तुझी बादली चालव, मग तयार खत एका डब्यात घालून सेक्रेटरींच्या घरी ने, त्यांच्या तुळशीला घाल, आणि मग विषय काढ.

लिस्टमधलं काही घेऊ नकोस. जुना ब्रश झिजला की मगच नवीन घे, आणि जुना टाकू नकोस, सिंकच्या कडा घासायला ठेव.

पुढच्या रविवारी इकडे ये. माझ्या बादलीतलं अर्धं मुरलेलं खत तुला देते, आम्ही त्याला विरजणच म्हणतो, त्याने तुझी बादली लवकर लागेल. पालाही आहे पोतंभर. येताना झाकणाचा मोठा डबा आण, गाडीत वास येणार नाही असा, आणि अकराच्या आत ये म्हणजे जेवूनच जाशील.

तुझी,
मावशी