राजकारणाशी संबंध नसलेला माणूस सरपंच झाला तर त्याला काम करू देतात का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याची नोकरी सोडून गावी आलात, घरात कोणी राजकारणात नाही, तरी सरपंचपदाला उभं राहायचंय. उभे राहा. पण 'सिस्टीम आडवी येईल का' हा प्रश्न ज्या अर्थाने विचारलाय, तशी ती येत नाही.

मी ऑक्टोबर 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचा सरपंच झालो. थेट जनतेतून सरपंच निवडायची ती पहिलीच खेप. धंदा मोटारी भरायचा, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग. घरातलं कोणी कधी सोसायटीलाही उभं राहिलं नव्हतं. गावाने मला निवडून दिलं आणि नऊपैकी सात मेंबर समोरच्या पॅनलचे दिले. आमच्या गावाचा स्वभावच तसा.

2018 च्या मार्चमध्ये पाणीपुरवठ्याच्या विहिरीवरची मोटर जळाली. मी ती रात्रीतून भरली, फुकट, कारण सरपंचाने पंचायतीच्या कामात पैसे घेतले तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14 खाली पद जातं. (तांब्याची तारही माझीच. असो.) मोटर चालू झाली तेव्हा कळलं की टाकीपर्यंतची पाइपलाइनच सडलीय. भर उन्हात वाटेतल्या एका वावराच्या धुऱ्यावर (बांधावर) हिरवंगार गवत होतं, त्यावरून.

मासिक सभेत विषय घेतला. 14 व्या वित्त आयोगाचे पैसे खात्यात होते, आराखड्यात पाणीपुरवठा धरलेला होता. दोन तास भांडण झालं. शेवटी समोरच्या पॅनलच्या तीन महिला मेंबरांनी आमच्या बाजूने हात वर केले, कारण पाण्याचे गुंड (हंडे) डोक्यावर त्यांच्याच असायचे. ठराव पास. मी घरी जाऊन निवांत झोपलो.

फाइल पंचायत समितीत गेली ती तिथेच बसली. साहेब मीटिंगला गेलेत, बाबू सुटीवर आहे, पुढच्या सोमवारी या. दुकान बंद ठेवून किती चकरा मारल्या त्याचा हिशोब नाही. मानधनापेक्षा पेट्रोल जास्त. जूनमध्ये माझी खात्री पटली की हे पैशासाठी अडवतात.

आमचे भाऊजी त्यांच्या गावात दहा वर्षं मेंबर होते. ते म्हणाले, "लय शहाना झाला का बे तू? दोन टक्के देऊन टाकले असते त उन्हाळ्यात पानी आलं असतं. तुह्या इमानदारीपायी बाया पानी वाहून राहिल्या." मी ताटावरून उठलो आणि थेट घरी आलो.

ऑगस्टमध्ये एका शिपायाला दया आली. त्याने फाइल उघडून दाखवली. शेरा होता, ठरावात मंजुरी दिसून येत नाही. खाली ठरावाची नक्कल: 'पाइपलाइन बदलण्याबाबत सभेत सविस्तर चर्चा करण्यात आली.' संपलं. मंजूर नाही, नामंजूर नाही, सूचक नाही, अनुमोदक नाही. आणि एप्रिलच्या सभेत पहिला विषय, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे', त्याखाली माझी सही. वाचून! मी एक ओळ वाचली नव्हती.

सचिवांना विचारलं. (आमच्याकडे ग्रामसेवकाला सचिवच म्हणतात.) ते शांतपणे म्हणाले, "सरपंच साहेब, सही त तुमचीच हाय." खरंच होतं. ठराव पुन्हा घ्यावा लागला, आणि पाइप पडला तेव्हा दुसरा उन्हाळा लागला होता.

म्हणून सांगतो, मेंबरांची भीती बाळगू नका, त्यांचं भांडण तोंडावर असतं. सभा संपली की उठू नका. प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, समोर बसून लिहून घ्या, वाचा, शेवटच्या ओळीला चिकटून सही करा, मध्ये जागा सोडू नका. आता पैसे पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवरून जातात, तर स्वतःच्या डिजिटल सहीचं डोंगल खिशात ठेवा. ज्यांचं डोंगल कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये असतं असे सरपंच मी पाहिलेत.

लोक लगेच ग्रामसभेच्या जोरावर कारभार करणाऱ्या गडचिरोलीच्या मेंढा-लेखाचं उदाहरण देतात. कामाने मोठंच गाव आहे ते. पण सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर गावाचा हक्क, 2009 ला मिळूनही स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना हातात यायला 2011 चा एप्रिल उजाडला, आणि तो द्यायला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात यावे लागले. हक्क वेगळा आणि परवान्याचं पावतीबुक वेगळं.

सगळे सचिव तसे असतात असं नाही. आमच्याकडच्यांवर तीन गावांचा भार होता. त्यांनी मुद्दाम केलं की घाईत, हे मला आजही सांगता येणार नाही. आणि तुमचे मेंबर तुमच्याच पॅनलचे आले तर यातलं निम्मं तुमच्या वाट्याला येणारही नाही.

2022 ला मी उभा राहिलो नाही. भाऊजी मात्र अजून प्रत्येक लग्नात ते दोन टक्के काढतात. भाऊजी, तुम्ही हे वाचणार, ताई वाचायला लावणार. दोन टक्के घेऊन बाबूने ठरावात काय चुकलं ते एप्रिलमध्येच सांगितलं असतं, हे कबूल. पण मग प्रोसिडिंग वाचायची अक्कल मला पाचही वर्षांत आली नसती, आणि प्रत्येक फाइलीला तुमचे दोन टक्के लागले असते. बाकी त्या दिवशी ताटावरून उठायला नको होतं. ताईने पातोड्याची भाजी केली होती.