सोलापुरात छोटी प्रेस आहे, पार्टीकडून फायली घ्यायला कुठली अपलोड सिस्टिम बसवावी?

घेऊ नका.

म्हणजे पैसे तुमचे आहेत, घ्यायचं तर घ्या. पण प्रश्नात तुम्ही लिहिलंय की व्हॉट्सॲपवर फायलींचा गोंधळ होतो, पुण्याची एक कंपनी पोर्टल देतेय, वर्षाला पैसे भरायचे, पार्टी स्वतः फाइल टाकणार आणि फाइलीत चूक असली तर सिस्टिमच तिला सांगणार. हे सगळं मी आमच्या मेव्हण्याकडून जेवणाच्या ताटावर इतक्यांदा ऐकलंय की उत्तर जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमची प्रेस सोलापूरच्या पूर्व भागात. एक डोमिनंट (ऑफसेट छपाईचं मशीन), एक कटिंग मशीन, नंतर एक डिजिटल आलं. मी डीटीपीवर बसून वर आलेला माणूस, मेव्हणा पार्ट्या आणि वसुली बघतो. २०१७ ची दिवाळी जवळ आलेली आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्या पार्टीचा जॉब आला, टॉवेलला गुंडाळायची कागदी पट्टी असते ना ती, मल्टीकलर, आर्ट पेपर, पंचवीस हजार नग, मागच्या बाजूला बारकोड. आपल्याकडं चादर-टॉवेल घ्यायला आलेलं गिऱ्हाईक घडी उलगडतं, हात फिरवून बघतं, भाव करतं. मॉलला जाणाऱ्या मालाचं तसं नसतं, तिथं माणसाच्या आधी मशीन बघतं, आणि कोड वाचला नाही की माल दारातच थांबतो.

डिझाइन पार्टीच्या ओळखीतल्या एका पोरानं केलेलं. बारकोडची मूळ फाइल त्याला कोणी दिलीच नव्हती. ऑफिसातल्या कोणीतरी जुन्या पट्टीचा मोबाइलवर फोटो काढला, त्याला व्हॉट्सॲपला टाकला, यानं तो कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) चिकटवला, पट्टीत बसेना म्हणून दाबून लहान केला आणि पीडीएफ करून आमच्याकडं पाठवली. आमच्याकडं ती मेलवर आली, व्हॉट्सॲपवर नाही, हे लक्षात ठेवा.

माल मुंबईला गेला आणि चार दिवसांनी फोन, कोड वाचत नाही. भिंग लावून बघितलं तर रेघा नुसत्या काळ्या नव्हत्याच. फोटो मुळात आरजीबी (स्क्रीनचे तीन रंग), सीएमवायके (छपाईचे चार रंग) होताना त्याचा काळा चारी रंगांत फुटलेला, आणि चार प्लेटांतली एक जरी केसभर सरकली तरी रेघेला निळी नाहीतर लाल कड येते, रेघ फुगते, मधली पांढरी जागा खाल्ली जाते. स्कॅनर रेघांइतकीच ती पांढरी जागा पण मोजत असतो. बारकोड एकट्या काळ्यात, वेक्टरमध्ये (फोटो नाही, आखलेल्या रेघा) पाहिजे, हे आम्हाला काय माहीत नव्हतं असं नाही. वर साइज. ईएएन-१३ ची (दुकानातल्या मालावरचा तेरा आकडी बारकोड) मूळ रुंदी ३७.२९ मिलिमीटर, ती ८० टक्क्यांच्या खाली न्यायची नसते, म्हणजे जवळपास तीस. आमचा पट्टीवर मोजला तर चोवीस भरला.

पट्ट्या परत छापल्या. चाळीस बॉक्स उघडून जुन्या काढून नव्या घालायची मजुरी पार्टीनं बिलातून कापली. सगळं मिळून अडतीस हजारांचा खड्डा, ऐन दिवाळीत.

त्या रात्री मेव्हणा म्हणला, दाजी, तुमचं ते व्हॉट्सॲप आणि मेल बंद करा, पोर्टल असतं तर फाइल दारातच रिजेक्ट झाली असती की ओ. आणि ते वाक्य त्यानं धरलं ते धरलंच. भाऊबीजेला बहिणीकडं ओवाळून घ्यायला आला की म्हणतो. गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावर पोरांना घेऊन पाळण्यात बसलो होतो, पाळणा वर जाऊन थांबला, तिथं पण म्हणला. उतरायची सोय नव्हती म्हणून ऐकून घेतलं.

आता तुमचा प्रश्न. पोर्टल काय तपासतं? पानाची साइज, ब्लीड (कटिंगसाठी कडेनं सोडलेला जादा भाग) आहे का, फाँट आत बसलेत का, आरजीबी कुठं राहिलंय का, फोटोचा डीपीआय (एका इंचात किती ठिपके) किती. बरोबर? आमची पीडीएफ सीएमवायकेच होती, त्या पोरानं तेवढं केलेलं. अक्षरं सगळी कर्व्ह, म्हणजे फाँट न राहता नुसते आकार झालेली. ब्लीड तीन मिलिमीटर व्यवस्थित. राहिला डीपीआय, तर फोटो जेवढा दाबून लहान कराल तेवढा डीपीआय वाढतो, कारण पिक्सेल तेवढेच, जागा कमी. म्हणजे त्यानं बारकोडची जेवढी वाट लावली तेवढा तो पोर्टलला जास्त झकास दिसला असता. हिरवी खूण येऊन फाइल आत. हे मी मेव्हण्याला कागदावर गणित करून दाखवलंय. तो म्हणतो, तुम्ही टेक्निकल बोलून विषय बदलता.

आमच्या भागात अजून एक भानगड म्हणजे लग्नपत्रिका. पद्मशाली (तेलुगू विणकर समाज) घरातल्या पत्रिका तेलुगूत, मागं मराठी, अक्कलकोट साइडच्या कन्नडमध्ये. मला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही, आणि ऑपरेटरला दोन्ही नाही. मराठीतसुद्धा श्रीलिपी फाँटात टाइप केलेली फाइल कर्व्ह न करता, तो फाँट नसलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नवरदेवाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि डॉलरच्या खुणा. कर्व्ह करून आली तर एखादा काना आधीच उडालेला असला तरी सिस्टिमला ते नुसतं चित्र. वराच्या आजोबांचं नाव चुकलंय हे कुठलं पोर्टल सांगणार आहे? ते आजोबाच सांगणार, आणि पत्रिका वाटून झाल्यावर सांगणार.

तरी २०१९ ला घेतलंच आम्ही. घरात शांतता पाहिजे होती. वर्षाला अठरा हजार. लॉगिन, ओटीपी, पासवर्ड विसरलात का, सगळं होतं. शंभर-सव्वाशे पार्ट्यांपैकी वापरलं नऊ जणांनी, त्यातल्या चौघांची अकाउंट मेव्हण्यानं स्वतःच काढून त्यांच्या फायली स्वतःच टाकल्या, आकडा दिसावा म्हणून. मार्केट यार्डातले एक काका बिलबुक छापायला यायचे, त्यांना मोबाइलवर लिंक दाखवली तर त्यांनी खिशातनं पेनड्राइव्ह काढला, म्हणले हे घे, उतरव. आणि जे वापरायचे ते पोर्टलवर टाकून परत व्हॉट्सॲपवर पण टाकायचे, "पोचलं का बघा". मग दुरुस्ती आली की ती नुसती व्हॉट्सॲपवर यायची, पोर्टलवर जुनीच पडून. एका शाळेचं वार्षिक नियोजन असंच जुनं छापलं गेलं, सुट्ट्यांच्या तारखांसकट. त्या दिवशी मात्र पोर्टल असतं तर असं कोणी म्हणलं नाही. पुढं लॉकडाऊन आला, रिन्यू केलं नाही.

आत्ता काय करतो ते सांगतो, विचारलंय तर. प्रेसचा एकच व्हॉट्सॲप नंबर, कॉम्प्युटरवर उघडा ठेवलेला, आणि फाइल डॉक्युमेंट म्हणूनच पाठवायची. फोटो म्हणून पाठवलेला साध्या क्वालिटीत साधारण १६०० पिक्सेलवर येतो, म्हणजे ३०० डीपीआयला साडेतेरा सेंटिमीटर, विझिटिंग कार्डाला चालून जाईल पण ए-फोरला नाही. डॉक्युमेंट २०२२ पासून दोन जीबीपर्यंत जातं, आमचं एवढं काय मोठं नसतं. जीमेल २५ एमबीला थांबतं. ड्राइव्हची लिंक कोणी पाठवली की रात्री अकराला उघडायला जावं तर परवानगी मागा म्हणतं आणि पार्टी झोपलेली. बाहेरगावच्या डिझायनरला आम्ही ड्रॉपबॉक्सची फाइल रिक्वेस्टची लिंक देतो, त्यात फाइल टाकणाऱ्याला अकाउंट लागत नाही, हे मला सगळ्यात आवडलं. (हो, ती पण एक अपलोड सिस्टिमच आहे. मेव्हण्याला सांगू नका.) गुगल फॉर्मवर फाइल घ्यायला जाऊ नका, तिथं पार्टीला गुगलचं लॉगिन लागतं आणि आपल्या निम्म्या पार्ट्यांचा पासवर्ड मोबाइल दुकानातल्या पोराला माहीत असतो, त्यांना नाही.

फाइल कुठूनही येऊ दे, आली की पहिल्यांदा तिचं नाव बदलायचं. जॉबबुकातला नंबर, तारीख, पार्टी. "फायनल", "फायनल नवीन", "हीच घ्या फायनल" असल्या नावाची फाइल आमच्या मशीनपर्यंत जात नाही. नवी आली की आधीची जुन्याच्या फोल्डरात. मग कागदावर प्रूफ, त्यावर पार्टीची सही, पार्टी बाहेरगावची असली तर प्रूफचा फोटो पाठवून "ओके" लिहून घ्यायचं, नुसता अंगठा नाही. अंगठ्यावर एकदा भांडण झालंय, पार्टी म्हणली मी बघितलं एवढंच सांगितलं, छापा कुठं म्हणलो. आणि लोकसभा-विधानसभेची पत्रकं घेत असाल तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-क आहे, छापून घेणाऱ्याचं डिक्लेरेशन दोन ओळखीच्या माणसांच्या सह्यांसकट लागतं, पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो. फाइल पोर्टलवर आली म्हणून ते सुटत नाही.

आता थोडं तुमच्या बाजूनं. तुम्ही ऑनलाइन ऑर्डरी घेत असाल, महाराष्ट्रभरातनं विझिटिंग कार्ड, फोटोबुक, टी-शर्ट, अनोळखी लोक, पैसे आधी, तर पोर्टल लागतंच, तिथं व्हॉट्सॲप पुरणार नाही. मी लिहिलंय ते आमच्यासारख्या प्रेसचं, जिथं पार्टी स्कूटरवर येऊन समोर बसते. शाळांचे पेपर छापत असाल तर मात्र पोर्टल, व्हॉट्सॲप, लिंक काहीच नको, हेडसरांच्या हातनं घ्या, काम झालं की कॉम्प्युटरवरनं पुसा.

आणि एवढं लिहिलंय तर हे पण लिहितो. त्या पट्टीचा बारकोड मी मोबाइलनं तपासला होता. स्क्रीनवर, मोठा करून. लगेच वाचला. पहिली शीट मशीनवरनं निघाली तेव्हा मशीनवाला म्हणला, मालक, एकदा बघून घ्या. त्या शीटवर मोबाइल धरायला दहा सेकंद लागले असते. टेबलावर पाच जॉब पडलेले, मी मान पण वर केली नाही, म्हणलो चालू दे. मेव्हण्याला मी "तपासला होता" एवढंच सांगितलंय, आणि ते खोटं नाही.

तरी पण पोर्टलवाल्याला बोलावणारच असाल तर त्याला एकच विचारा, पार्टीनं दुरुस्त करून दुसऱ्यांदा फाइल टाकली तर पहिलीचं काय होतं. आमच्यावाला म्हणला होता, काळजीच करू नका सर, दोन्ही सेफ राहतात.