डीओपीशी वाद कसा घालावा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. पहिल्या दिवशी ठरलेल्या चौदा सेटअपपैकी (सेटअप म्हणजे कॅमेरा आणि लाइटची एक मांडणी) सहाच झाले, खिडकीजवळच्या सीनला लाइट लावण्यात डीओपीचा, म्हणजे कॅमेरा आणि लाइट सांभाळणाऱ्या छायाचित्रकाराचा, तास गेला, तुला तोच सीन हँडहेल्ड, म्हणजे कॅमेरा हातात धरून, हवा होता, आणि शेवटी अख्ख्या युनिटसमोर तुमचं वाजलं. ‘फिल्म माझी, मग शॉट कोण ठरवणार?’ असं तू विचारलं आहेस. याचं उत्तर पुढे देतो, पण त्याआधी बोलण्यासारखं बरंच आहे. तो वाद ज्या कारणांनी पेटला, ती कारणं येत्या शनिवारच्या शूटिंगलाही सेटवर हजर असणार आहेत.

पैसे मोजून चाललेल्या कामात शेवटचा शब्द कुणाचा हे कागदावर असतं आणि घड्याळ सांभाळायला वेगळा माणूस असतो. तुमच्या विनामोबदला फिल्ममध्ये यातलं काहीच नाही. तुझी डीओपी स्वतःचा कॅमेरा, स्वतःच्या लेन्स आणि स्वतःची सुट्टी घेऊन आली आहे. बदल्यात तिच्या हाती काय पडणार? श्रेयनामावलीत नाव, आणि शोरीलला, म्हणजे स्वतःच्या कामाच्या नमुन्यांना, लावता येतील असे चार-दोन शॉट. एखाद्या फ्रेमसाठी ती हट्ट धरते तेव्हा तिचा मेहनतानाच पणाला लागलेला असतो. म्हणून तिला सरळ विचार, की या फिल्ममधले कोणते दोन-तीन शॉट तुला मनासारखे करायचे आहेत? ते शॉट वेळापत्रकात भरपूर वेळ देऊन बसव. त्या बदल्यात बाकीच्या सेटअपना ती वेळ कमी घ्यायला तयार होते, असं बहुतेक वेळा दिसतं.

आता त्या तासाचा हिशेब करू. दहा तासांच्या दिवसातून जेवणाचा एक आणि मांडामांड-आवराआवरीचा एक वजा केला की आठ तास, म्हणजे ४८० मिनिटं उरतात. चौदा सेटअपना भागलं तर प्रत्येकी ३४ मिनिटं. तीन-चार टेकना बारा-पंधरा मिनिटं जातात. राहिलेल्या वीस मिनिटांत कॅमेरा हलवायचा, लाइट लावायचा आणि तालीमही उरकायची. खिडकीच्या सीनला तास दिला, म्हणजे जवळजवळ दोन सेटअप तिथेच गेले. हे तिलाही माहीत नव्हतं आणि तुलाही, कारण शॉट डिव्हिजनवर, म्हणजे शॉटच्या यादीवर, मिनिटं लिहिलेलीच नव्हती. या वेळी लिहा. प्रत्येक शॉटपुढे तिने स्वतःच्या हाताने वेळेचा अंदाज लिहायचा, आणि तू अ, ब किंवा क. अ म्हणजे हा शॉट नसेल तर सीन एडिट करता येणार नाही. ब म्हणजे हवा. क म्हणजे वेळ उरला तर. दिवसभराची बेरीज ४८० च्या वर गेली तर क आदल्या रात्री कापायचे, सेटवर नाही.

हँडहेल्ड आणि लाइटिंगची टक्करही नीट समजून घे. कॅमेरा स्टँडवर असेल तर फ्रेमच्या कडेला लाइट उभा करून चेहरा उजळता येतो. हँडहेल्ड कॅमेरा नटामागे खोलीभर फिरणार असेल तर ते स्टँड दिसतात, सावल्या दिसतात, भिंतीवर कॅमेऱ्याचीच सावली पडते. मग चेहऱ्यापुरता लाइट सोडून अख्खी खोली उजळावी लागते. खिडकीबाहेरून, छतावरून किंवा खोलीतल्याच टेबललॅम्पमध्ये मोठा बल्ब घालून. हे दोन वेगळे आराखडे आहेत. तिने पहिला मांडला आणि तू दुसरा मागितलास, आणि तोही स्टँड उभे राहिल्यावर. खोलीचा वरून दिसणारा नकाशा काढ, नट कुठून कुठे जातो आणि कॅमेरा कुठल्या भिंतीकडे कधीच पाहणार नाही हे त्यावर दाखव. ती न दिसणारी भिंत म्हणजे तिची लाइट लावायची जागा. एक भिंत जरी दिलीस तरी तिचं काम निम्मं होतं. खिडकीकडे बघणारे शॉट दिवसाच्या उजेडात आधी घ्या. क्लोजअप नंतरही घेता येतात, कारण खिडकीबाहेर एक लाइट लावून तो उजेड बनवता येतो. बाहेरचा देखावा मात्र अंधार पडल्यावर बनवता येत नाही.

हरकत कशी घ्यावी यासाठी एक जुनं उदाहरण सांगतो. १९५६च्या ‘अपराजितो’ या बंगाली चित्रपटासाठी बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारायचं ठरलं, तेव्हा छायाचित्रकार सुब्रत मित्रा यांनी दिग्दर्शक सत्यजित राय आणि कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त या दोघांशी वाद घातला. त्यांची हरकत अगदी नेमकी होती: आभाळातून अंगणात उतरणारा, सावली न पाडणारा मऊ उजेड स्टुडिओच्या दिव्यांनी साधणार नाही. हरकत मान्य झाली नाही, सेट उभा राहिला. मग सुब्रत मित्रा यांनी सेटच्या वर पांढरं कापड ताणलं, दिवे खालून त्यावर मारले आणि परतून येणारा उजेड वापरला. अडचण ‘सावली’ या एका गोष्टीपर्यंत आणून ठेवली होती, म्हणून उत्तरही सावलीचंच शोधता आलं. ‘मला हे बरोबर वाटत नाही’ एवढंच कुणी म्हणालं तर त्यातून शोधायचं काय? तुम्हा दोघांनाही मी हेच मागेन, की काय बिघडेल ते डोळ्यांना दिसेल अशा शब्दांत सांगा.

शब्दांवरून होणारे वाद तर निव्वळ टाळता येण्याजोगे असतात. ‘डार्क’, ‘रॉ’, ‘जवळीक’ हे शब्द तू एका अर्थाने बोलतोस आणि ती दुसऱ्या अर्थाने ऐकते. जवळीक म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे नटापासून दोन-अडीच फुटांवर, वाइड लेन्स लावलेला कॅमेरा असेल. ती ८५ मिमीची, लांबून चेहरा जवळ आणणारी लेन्स लावून दोन मीटरवर जाऊन उभी राहते. चेहरा दोन्हींत फ्रेमभर दिसतो, पण पहिल्यात नाक पुढे येतं, मागची खोली पसरते आणि प्रेक्षक त्या माणसाच्या श्वासाच्या टप्प्यात असतो. दुसऱ्यात चेहरा सपाट, देखणा आणि आजूबाजूपासून सुटा होतो. हा फरक मुळात लेन्स पाडत नाही, कॅमेऱ्याचं अंतर पाडतं. म्हणून तिच्याशी अंतराच्या भाषेत बोल: ‘कॅमेरा हात लांब केला तर पोचेल इतका जवळ हवा.’ लेन्स ती बरोबर निवडेल. लूकसाठी दोघांनी एकमेकांना न दाखवता दहा-दहा स्थिरचित्रं निवडा आणि मग समोरासमोर बसा. प्रत्येक चित्राबद्दल फक्त चार गोष्टी बोला: उजेड कुठून येतो, सावली किती गडद आहे, कॅमेरा किती लांब आहे, तो हलतो आहे का. मग अर्धा दिवस काढून एकच संवाद तीन पद्धतींनी घ्या आणि एडिटरला बरोबर बसवून पाहा. विनामोबदला कामात या अर्ध्या दिवसाचा लोकांना कंटाळा येतो. मला मात्र तो एखाद्या शूटिंगच्या दिवसाइतकाच मोलाचा वाटतो.

ॲपर्चरवरूनही (लेन्सचं तोंड किती उघडं ठेवायचं; एफचा आकडा लहान तितकं तोंड मोठं) तुमचं वाजणार, हे तुझ्या पत्रातूनच दिसतं. तिला एफ १.४ आवडतं, तुला फोकस गेलेले टेक छळतात. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिमी, दोन मीटर अंतर आणि एफ १.४ असेल तर नीट फोकसमध्ये राहणारा पट्टा साधारण साडेचार सेंटीमीटरचा असतो. नट संवाद म्हणताना जरा पुढे झुकला की डोळे धूसर होतात आणि कान स्पष्ट दिसतात. तुमच्याकडे फोकस पुलर, म्हणजे टेक चालू असताना फोकस जुळवत राहणारा माणूस, नाही, म्हणजे टेक वाया जाणारच. एफ ४ वर तोच पट्टा तेरा सेंटीमीटरच्या आसपास जातो. पण एफ १.४ पासून एफ ४ पर्यंत तीन स्टॉप आहेत, दर स्टॉपला दुप्पट, म्हणजे आठपट उजेड लागतो, किंवा आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) आठपट वाढवून नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, पत्करावा लागतो. तिच्याकडे दोनच लाइट आहेत. ‘बॅकग्राउंड इतकं ब्लर का?’ असं तू विचारतोस तेव्हा तिला ऐकू येतं की ‘नसलेले लाइट आण.’ नट हलत असेल तिथे एफ २.८ ते ४, स्थिर बसलेला असेल तिथे ती म्हणेल ते, असा सौदा करून टाका. ती लॉगमध्ये (नंतर रंग सुधारायला सोपं जावं म्हणून मुद्दाम फिकट घेतलेलं चित्र) शूट करत असेल तर मॉनिटरवर लट, म्हणजे ते चित्र नेहमीच्या रंगांत दाखवणारी सेटिंग, लावायला सांग. लॉगचं फिकट, राखाडी चित्र बघून ‘फार डल दिसतंय’ म्हणणारे दिग्दर्शक डीओपीचा धीर विनाकारण संपवतात.

सेटवर क्रम मोडू नकोस. लाइट लावण्याआधी नटांना घेऊन ब्लॉकिंग कर, म्हणजे कोण कुठे उभं राहणार आणि कुठे जाणार ते ठरव. दहा मिनिटं, सगळे बघत असताना. उभं राहायच्या जागी टेप लाव. नट मेकअपला जातील, ती दुसऱ्या कुणाला त्या जागी उभं करून लाइट लावेल. मग तालीम, मग टेक. लाइट लागल्यावर नटाची जागा बदलणं ही दिग्दर्शकाची सर्वांत महागडी सवय आहे. घड्याळ बघायला तिसरा माणूस नेम, तुम्हा दोघांपैकी कुणी नको. मतभेद झालाच तर नटांपासून दूर जा आणि तीन मिनिटांत संपवा. त्यात प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगायच्या: माझं ऐकलं नाही तर काय जाईल, आणि माझं ऐकलं तर किती मिनिटं लागतील.

‘दोन्ही घेऊन टाकू’ ही तडजोड सोपी वाटते. लेन्स बदलायची असेल तर पाच मिनिटांचं काम आहे, जरूर घ्या. लाइटची दिशा उलटायची असेल तर तो नवा सेटअपच असतो. तिथे एकच निवडावं लागतं. शिवाय सीन रडण्याचा किंवा भांडणाचा असेल तर नट पहिल्या दोन-तीन टेकमध्येच सगळं देऊन बसतो, म्हणून तिथे तुला हवा तो प्रकार आधी घ्या.

आता तुझा मूळ प्रश्न. कामाची वाटणी जगात सगळीकडे एकसारखी नाही. ब्रिटिश पद्धतीत बराच काळ लाइटिंग कॅमेरामन उजेड सांभाळायचा आणि फ्रेमचं बोलणं दिग्दर्शक थेट कॅमेरा ऑपरेटरशी करायचा. अमेरिकन पद्धतीत दोन्हींचा प्रमुख डीओपी. म्हणून तुमची वाटणी तुम्हीच लिहा. माझ्या मते अभिनय, ब्लॉकिंग, शॉट कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, फ्रेममध्ये कोण असतं, हे तुझं. एक्स्पोजर, लाइट, फिल्टर, व्हाइट बॅलन्स तिचं. लेन्स आणि कॅमेऱ्याची हालचाल दोघांची, आणि तीन मिनिटांत एकमत झालं नाही तर तुझी. उंचावर लावलेला लाइट, पाण्याजवळची वायर, चालत्या गाडीतला कॅमेरा, अशा ठिकाणी तिने नाही म्हटलं की नाही. तिथे तुझा शब्द चालणार नाही.

याच कागदावर फुटेजबद्दलही लिहून घे, कारण विनामोबदला फिल्म मरतात त्या बहुतेक इथेच. मालकी कुणाची, हे लेखी नसेल तर कायदा देशोदेशी वेगळं उत्तर देतो. कार्ड फॉरमॅट करण्याआधी दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी, आणि त्यातली एक त्याच संध्याकाळी तुझ्याकडे. सगळं फुटेज तिच्या लॅपटॉपवर राहिलं आणि मग भांडण झालं, तर तुझी फिल्म तिच्या लॅपटॉपवरच राहील. तिनेही ती कॉपी देताना बदल्यात मागावं असं: शोरीलसाठी शॉट कोणत्या तारखेनंतर वापरता येतील ते लेखी, आणि ग्रेडिंगच्या, म्हणजे शूटनंतर चित्राचे रंग-उजेड ठरवण्याच्या, एका बैठकीत हजर राहण्याचा हक्क. तिने जपून ठेवलेली सावली पोस्टमध्ये कुणी उजळून टाकली तर ते तिला पडद्यावर पहिल्यांदा कळू नये. मध्येच कुणी सोडून गेलं तर आधीचं फुटेज वापरता येईल आणि केलेल्या दिवसांचं श्रेय राहील, हेही लिहा.

ती उरलेल्या दिवसांना येणार नाही अशी तुला शंका आहे. तसं झालं तर नव्या डीओपीला ‘आधीसारखंच कर’ एवढं सांगून चालणार नाही. म्हणून या शनिवारपासून असिस्टंटला एक वही दे. प्रत्येक सेटअपला लेन्स, ॲपर्चर, आयएसओ, शटर, व्हाइट बॅलन्स, जमिनीपासून कॅमेऱ्याची उंची आणि नटापर्यंतचं अंतर लिहायचं, आणि लाइट कुठे उभे आहेत याचा मोबाइलवर एक फोटो काढायचा. ती राहिली तर हीच वही तिला पुढच्या महिन्यात राहिलेले क्लोजअप जुळवायला लागेल. पहिल्या दिवशीच्या सहा सेटअपची नोंद नसेल तर आजच तिला फोन कर आणि ती विचारून घे. आठवड्यानंतर तिलाही आठवणार नाही. बोलणं सुरू करायलाही हे कारण चांगलं आहे.

तुझा,
एक जुना सहकारी