'हेड कोच' म्हणजे मुख्य प्रशिक्षकच, पण क्रियापद सांभाळा

प्रश्न असा आहे: सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, त्यावरच्या मजकुराचं मराठी करताना 'हेड कोच'ला 'मुख्य प्रशिक्षक' लिहावं, 'व्यवस्थापक' लिहावं, की 'सरसेनापती'च्या धर्तीवर 'सरप्रशिक्षक' असा शब्द घडवावा? आणि 'ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर'ला 'आक्रमण समन्वयक' म्हटलं तर चालेल का?

'मुख्य प्रशिक्षक'च लिहा. क्रिकेटच्या बातम्यांमुळे तो रुळलेला आहे, वाचक अडखळत नाही. 'व्यवस्थापक' मात्र नको. इंग्लंडमधल्या फुटबॉलमध्ये किंवा बेसबॉलमध्ये मॅनेजर हाच संघाचा कर्ताधर्ता असतो, म्हणून तो मोह होतो. पण अमेरिकन फुटबॉलच्या बहुतेक संघांत 'जनरल मॅनेजर' नावाचा वेगळा माणूस असतो. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कोणता खेळाडू घ्यायचा, कुणाशी किती वर्षांचा करार करायचा, हे त्याचं खातं. शिवाय आपल्याकडे संघ व्यवस्थापक म्हटलं की तिकिटं, हॉटेल आणि सामानसुमान बघणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. 'सरप्रशिक्षक' व्याकरणात बसतो. सरनोबत आणि सरन्यायाधीश यांच्यातला 'सर' हा फारसीतला, 'मुख्य' याच अर्थाचा. पण महाराष्ट्रातल्या मैदानांवर प्रशिक्षकाला 'सर' म्हणूनच हाक मारतात. 'सरप्रशिक्षक' वाचून दहापैकी नऊ जणांना ती मुद्रणदोषाची गंमत वाटेल.

नाम इथे सोपं आहे. मराठी मजकूर बिघडतो तो क्रियापदात. अँडी रीड हे चीफ्स या संघाचे मुख्य प्रशिक्षक. 'रीड यांच्या मार्गदर्शनाखाली चीफ्सनी विजेतेपद पटकावले' हे वाक्य हात आपोआप टंकतो, आणि वाचकाला दिसतो तो पॅव्हेलियनमध्ये बसून टिपणं काढणारा गृहस्थ. क्रिकेटमध्ये ते बरोबर आहे. तिथे गोलंदाज बदलतो कर्णधार, क्षेत्ररक्षण लावतो कर्णधार, डीआरएसचा रिव्ह्यू मागतो तोही क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचा कर्णधारच. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक अर्ध्यात तीन टाइमआउट (खेळ थोडा वेळ थांबवण्याची मुभा) असतात आणि ते कधी खर्च करायचे ते मुख्य प्रशिक्षक ठरवतो. पंचांच्या निर्णयाला आव्हान देण्याचा अधिकार तर फक्त त्याचा. दोन आव्हानं मिळतात. फसलं की एक टाइमआउट जातो, आणि प्रत्येक अर्ध्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत आव्हान देताच येत नाही. आव्हानासाठी तो लाल कापड मैदानात फेकतो. त्याला 'लाल रुमाल' म्हणावं. 'लाल बावटा फेकला' असं लिहिलं तर बातमी गिरणगावातली वाटेल.

सुपर बोल ५८ घ्या. लास वेगास, ११ फेब्रुवारी २०२४, फोर्टीनायनर्स विरुद्ध चीफ्स हा सामना बरोबरीत सुटून जादा वेळेत गेला. नाणेफेकीला फोर्टीनायनर्सचे कर्णधार गेले आणि त्यांनी आधी चेंडू घेतला. पण दोन्ही संघांना एकेक संधी देणाऱ्या, तेव्हा नव्या असलेल्या नियमात आधी चेंडू घेण्याचा निर्णय मुख्य प्रशिक्षक काइल शनाहन यांचा होता. दोन्ही संघांचे गुण सारखे राहिले तर तिसरी संधी आपल्याला मिळावी, हा त्यांचा हिशेब. फोर्टीनायनर्सना तीन गुणांवर समाधान मानावं लागलं, चीफ्सनी टचडाउन (सहा गुण) केला आणि सामना २५-२२ असा गेला. इथे 'कर्णधाराने आधी खेळणे पसंत केले' ही आपली क्रिकेटची ठरीव ओळ टाकली की टीकेचा धनीच बदलतो. 'शनाहन यांनी आधी चेंडू घ्यायचे ठरवले' असं सरळ लिहावं.

'नेतृत्वाखाली' हा शब्दही जपून वापरा, कारण मराठी क्रीडापानांवर नेतृत्व म्हणजे कर्णधारपद. 'रीड प्रशिक्षक असताना', 'रीड यांच्या कारकिर्दीत', 'रीड यांच्या चीफ्सनी' या रचना बिनधोक.

आता समन्वयक. हा शब्द नकोच. मराठीत समन्वयक बैठका जुळवतो, दोन खात्यांत निरोप पोचवतो. कोऑर्डिनेटर आपल्या बाजूची अख्खी व्यूहरचना आखतो, आणि बऱ्याच संघांत सामन्यात एकेक चाल तोच सांगतो. 'फलंदाजी प्रशिक्षक', 'गोलंदाजी प्रशिक्षक' यांच्या पंगतीत 'आक्रमण प्रशिक्षक' आणि 'बचाव प्रशिक्षक' चपखल बसतात. तिसरा 'स्पेशल टीम्स'चा. त्याला 'विशेष संघ प्रशिक्षक' म्हटलं तर दुसराच कुठला संघ वाटतो. किकऑफ, पंट, फील्ड गोल हे सगळं किकचं काम, तेव्हा 'किकिंग विभागाचा प्रशिक्षक' असं फोडून सांगावं. 'प्ले'साठी 'डाव' नको, वाचक लगेच पहिला डाव की दुसरा डाव विचारतो. 'चाल' घ्या.

ही चाल खेळाडूपर्यंत पोचते कशी, हे ठाऊक असलं की क्रियापद चुकत नाही. एक चाल संपली की साधारणपणे चाळीस सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. हेल्मेटवर हिरवा ठिपका असलेल्या खेळाडूच्या कानात रेडिओ असतो. आक्रमणात हा मान क्वार्टरबॅकचा, म्हणजे चाल सुरू करणाऱ्या आणि पास टाकणाऱ्या खेळाडूचा. घड्याळ पंधरावर आलं की रेडिओ बंद. म्हणजे चाल निवडून सांगायला हातात पंचवीस सेकंद. रॅम्सचे शॉन मॅकव्हे मुख्य प्रशिक्षक असूनही आक्रमणाच्या चाली स्वतः सांगतात. रेव्हन्सना विजेतेपद मिळवून देणारे जॉन हार्बॉ ते काम सहायकांवर सोपवत. म्हणून 'मुख्य प्रशिक्षकाने चाल सांगितली' हे सरसकट लिहू नये. कोण सांगतो ते आधी पाहावं.

सगळ्यात प्रसिद्ध घोळ सुपर बोल ४९चा, १ फेब्रुवारी २०१५. सीहॉक्स २४-२८ असे मागे, चेंडू गोलरेषेपासून एक यार्डावर, २६ सेकंद बाकी, दुसरा डाउन (चार प्रयत्नांपैकी दुसरा), एक टाइमआउट शिल्लक. संघात मार्शॉन लिंचसारखा चेंडू घेऊन मुसंडी मारणारा खेळाडू असताना पास टाकला गेला आणि पेट्रियट्सच्या माल्कम बटलरने तो मधेच टिपला. पासची चाल रेडिओवरून सांगितली होती आक्रमण प्रशिक्षक डॅरेल बेव्हेल यांनी. दोष पत्करला मुख्य प्रशिक्षक पीट कॅरल यांनी. मराठीत 'कॅरल यांनी रेडिओवरून चाल सांगितली' हे तपशिलात चूक. 'कॅरल यांच्या संघाने पास टाकला, जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली' हे बरोबर. दुसऱ्या बाजूला पेट्रियट्सचे मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी हातात टाइमआउट असून तो घेतला नाही, घड्याळ पळू दिलं. टाइमआउट न घेणं हाही निर्णयच. तिथे 'बेलिचिक यांनी टाइमआउट राखून ठेवला' असं कर्तरी वाक्य हवं.

'मुख्य' हा शब्द जागा वाचवायला गाळू नका. बेलिचिक मुख्य प्रशिक्षक म्हणून सहा सुपर बोल जिंकले, सगळे पेट्रियट्ससोबत. त्याआधी जायंट्सचे बचाव प्रशिक्षक म्हणून आणखी दोन. नुसतं 'प्रशिक्षक म्हणून' लिहिलं तर आठ हा आकडाही खरा ठरतो, आणि मग दोन बातम्यांत दोन आकडे दिसतात. शनाहन यांच्या बाबतीतही तेच: सुपर बोल ५१मध्ये फाल्कन्सची २८-३ ही आघाडी उधळली तेव्हा ते आक्रमण प्रशिक्षक होते, मुख्य प्रशिक्षक डॅन क्विन.

'चॅम्पियनशिप'चं भाषांतरही असंच पाय घसरवणारं. एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची लीग, एनएफसी ही तिच्या दोन शाखांपैकी एक. 'एनएफसी चॅम्पियनशिप गेम' म्हणजे सुपर बोलच्या आधीची फेरी, व्यवहारात उपांत्य सामना. अँडी रीड ईगल्सचे मुख्य प्रशिक्षक असताना २००१ ते २००४ या चारही हंगामांत तिथवर पोचले आणि फक्त चौथ्यांदा जिंकले. 'सलग चार अजिंक्यपदाच्या लढती' लिहिलं की वाचक चार सुपर बोल मोजणार. उलट जुन्या काळात 'एनएफएल चॅम्पियनशिप' हेच खरं अजिंक्यपद होतं, कारण पहिला सुपर बोल झाला १५ जानेवारी १९६७ला. ज्यांच्या नावाचा करंडक आज दिला जातो त्या मुख्य प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डी यांचे सुपर बोल दोन, अजिंक्यपदं पाच. आणि बेलिचिक 'सर्वाधिक सुपर बोल' जिंकलेले मुख्य प्रशिक्षक आहेत, 'सर्वाधिक अजिंक्यपदं' म्हणायचं तर जॉर्ज हॅलस आणि कर्ली लॅम्बो हेही सहावर आहेत.

सालाची एक खाच: सामना फेब्रुवारीत आणि हंगाम आदल्या वर्षाचा. '२०१८चा सुपर बोल' मोघम आहे. '२०१८च्या हंगामाचा, फेब्रुवारी २०१९मध्ये झालेला' असं एकदा लिहून मोकळं व्हावं. 'बाऊल' की 'बोल'? उच्चाराला 'बोल' जवळचा. बोबडे बोल आठवले तरी हरकत नाही.

क्रीडापानांवर खेळाडू 'ने' घेतो आणि प्रशिक्षक 'यांनी'. तो शिरस्ता वयावर सोडू नका. ३६व्या वर्षी सुपर बोल जिंकलेले मॅकव्हेही 'यांनी'च. आडनाव एकच असेल तर मराठीकडे आयती सोय आहे. फेब्रुवारी २०१३मध्ये झालेल्या सुपर बोलमध्ये दोन भाऊ मुख्य प्रशिक्षक म्हणून आमनेसामने होते, ३४-३१ने जिंकले ते थोरले हार्बॉ, जॉन. हरले ते धाकटे, जिम.

संवादाचं भाषांतर असेल तर आणखी एक. अमेरिकेत खेळाडू मुख्य प्रशिक्षकाला आणि त्याच्या हाताखालच्या विसेक सहायकांनाही 'कोच' अशीच हाक मारतात. तिथे 'होय, मुख्य प्रशिक्षक' लिहू नका. 'हो कोच' ठेवा, किंवा सरळ 'हो सर'.