मशीन कानात टोचतंय? "सवय होईल" ऐकून गप्प बसू नका

मागच्या अंकात श्रवणयंत्र कसं निवडायचं यावर लिहिलं होतं. त्यानंतर जे प्रश्न आले त्यात ऐकू येण्याबद्दल कमी आणि कान दुखण्याबद्दल जास्त विचारलंय. टोचतं, रुततं, निसटतं, खाजतं, शिट्टी मारतं. मला नवल नाही वाटलं, कारण आमच्याकडे दुरुस्तीला म्हणून येणारी कितीतरी मशीनं कानातून नाही, डबीतून येतात. मशीन चांगलं असतं, सेटिंगही ठीक असतं, फक्त कानात नीट बसत नाही म्हणून माणूस ते काढून ठेवतो आणि घरातले म्हणतात एवढे पैसे घालून काय उपयोग. म्हणून या वेळी फक्त फिटिंगचे प्रश्न घेतेय.

प्रश्न (नाशिकहून एक ताई): आईला (वय ७४) कानामागचं मशीन आणि बारीक वायर असलेलं यंत्र घेतलंय. जेवायला बसली की उजव्या कानातलं हळूहळू बाहेर येतं आणि शिट्टी सुरू होते. दुकानात मोठा रबर बसवून दिला, आता बाहेर येत नाही पण कान दुखतो म्हणून ती घालतच नाही. काय करू?

ताई, आधी वायर बघा, मग रबर. तुमच्या आईच्या मशीनमध्ये वायरच्या टोकाला जे छोटंसं बोंडुक आहे तो रिसिव्हर, म्हणजे खरं तर एक बारका स्पीकरच, आणि त्याच्यावर जी सिलिकॉनची टोपी असते तो डोम. निसटलं की सगळे डोमच बदलतात, पण वायरही वेगवेगळ्या लांबीची येते, तिच्यावर १, २, ३ असे नंबर असतात आणि ती कानाच्या वरच्या कडेपासून भोकापर्यंत माप घेऊनच लावायची असते. वायर आखूड पडली तर डोमला सतत बाहेर ओढत राहते आणि कानामागचं मशीनही पुढे सरकून कानावर चढून बसतं. लांब पडली तर वायर गालाकडे कमानीसारखी बाहेर येते आणि डोम कानाच्या भिंतीवर तिरका दाबला जातो. आईला मशीन घालून समोर बसवा आणि बघा, वायर कातडीला अलगद टेकून आत गेली पाहिजे, मध्ये करंगळी जाईल एवढी फट दिसली तर लांबी चुकलीये.

आता जेवताना का निघतं? स्वतःवरच करून बघा, करंगळी कानाच्या भोकात हलकेच ठेवा आणि भाकरी चावल्यासारखा जबडा हलवा. बोटाला भिंत हललेली कळेल, कारण जबड्याचं हाड कानाच्या नळीला अगदी चिकटून आहे, आणि काहींच्या कानात ही हालचाल इतकी असते की प्रत्येक घासाला डोम थोडा थोडा बाहेर ढकलला जातो. वय वाढलं, वजन उतरलं, कवळी बदलली की हे आणखी जाणवतं. आणि दोन्ही कान सारखे नसतात हो, उजव्याला मोठा डोम आणि डाव्याला लहान असं कितीतरी जणांना लागतं.

मोठा डोम कोंबल्यावर काय होतं तर तो आत जाऊन दुमडतो, म्हणजे टोचतो तर आहेच वर दुमडीतून आवाज बाहेर गळतो आणि शिट्टीही थांबत नाही. डोम कुठला, भोकांचा, बंद की दुहेरी, हे आईला किती कमी ऐकू येतं त्यावर ठरतं, नुसत्या कानाच्या भोकावर नाही. तर आधी वायरची लांबी तपासून घ्या, मग वायरला जी पातळ शेपटी असते ती कानाच्या वाटीत नीट अडकवली जाते का बघा (बऱ्याच जणांची शेपटी बाहेर लोंबत असते आणि ती कशासाठी आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं) आणि तरीही निघत असेल तर डोम सोडून द्या आणि रिसिव्हरसाठी कानाच्या मापाचा मोल्ड, म्हणजे तुमच्याच कानाचा साचा घेऊन बनवलेला तुकडा, करून घ्या. एक गोष्ट मात्र विसरू नका, डोमचा प्रकार बदलला किंवा मोल्ड लावला की कॉम्प्युटरवर सेटिंगही बदलावं लागतं आणि शिट्टीची टेस्ट परत घ्यावी लागते, नाहीतर आई म्हणेल बसतंय छान पण आवाज घुमतोय आणि परत डबीत.

प्रश्न (ठाण्याहून एक काका, वय ५८): कडक प्लास्टिकचा मोल्ड बनवून घेतला. दोन तासांनी कानाच्या वरच्या बाजूला एकाच जागी दुखायला लागतं. "१५ दिवसांत सवय होईल" म्हणाले, दीड महिना झाला. आता तिथलं कातडं सोललंय. मला डायबिटिस आहे.

काका, आज रात्रीपासून मोल्ड घालू नका आणि उद्याच कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. डायबिटिस असताना कानातली जखम अंगावर काढायची नाही, तिथलं इन्फेक्शन खोलवर जाऊ शकतं. जखम भरेपर्यंत मशीन बंद राहिलं तरी चालेल.

आता "सवय होईल" बद्दल, कारण हे वाक्य ऐकलं की माझा जीव तुटतो. सवय होते ती कशाची? कानात काहीतरी आहे या जाणिवेची, थोड्या गुदगुल्यांची, थोडं भरल्यासारखं वाटण्याची, आणि ती रोज थोडे थोडे तास वाढवत एकदोन आठवड्यांत होते. दुखण्याची सवय होत नाही. नवी चप्पल अंगठ्याला चावते तेव्हा कातडं निबर होऊन जमून जातं, कानात तसं होत नाही, बाहेरच्या भागात कुर्चेवर कातडं आहे आणि आतल्या दोन-तृतीयांश नळीत तर कागदासारखं पातळ कातडं थेट हाडावर आहे. तिथे टोचलं तर टोचतच राहणार.

वर दुखतंय म्हणताय तर बऱ्याचदा कारण साधं असतं. मोल्डचं जे वरचं टोक कानाच्या वरच्या घडीत अडकतं ते घडीच्या आत न जाता बाहेरच राहिलेलं असतं आणि दिवसभर दाबत राहतं. जखम भरली की आरशासमोर घालून बघा. दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, मोल्डचा नळीतला भाग आधी सरकवायचा, मग मोल्ड मागच्या बाजूला फिरवत वरचं टोक घडीखाली सारायचं. हे बरोबर जमूनही दुखलं तर मोल्डच चुकलाय.

मग तो घेऊन परत जा, आणि जायच्या आधी तास-दोन तास घालून ठेवा म्हणजे लाल झालेली जागा ताजी दिसेल. मी काय करते, दुर्बिणीतून ती लाल जागा बघते, मोल्डवर नेमकी तीच जागा मार्करने टिंब काढून खूण करते, छोट्या मशीनवर अगदी नखभर घासते, पॉलिश करते, परत घालून बघते, परत थोडं घासते. कडक अॅक्रिलिक असं घासता येतं. मऊ सिलिकॉन घासताना चिवट निघतं, ते शक्यतो लॅबकडेच पाठवावं लागतं. घरी नेलफाइल किंवा सॅण्डपेपर घेऊन बसू नका, खडबडीत पृष्ठभाग जास्त कापतो. आणि दोनदा घासूनही नाही जमलं तर सरळ नवीन माप घ्यायला सांगा, त्यात भीड कसली, मोल्ड तुमच्या कानासाठी आहे.

नवीन माप घेताना मात्र लक्ष ठेवा. आधी कानात दुर्बिणीने बघून मळ असेल तर तो काढायला पाठवलं पाहिजे, मग दोरा बांधलेला कापसाचा किंवा स्पंजचा बोळा नळीच्या दुसऱ्या वळणाच्या पुढे बसवायचा (तेव्हा काहींना ठसका येतो, घाबरू नका, कानातल्या एका नसेमुळे येतो), मग दोन रंगांचं सिलिकॉन कालवून पिचकारीने भरतात, ते थंडगार लागतं आणि चारपाच मिनिटांत घट्ट होतं. तेवढ्यात तुम्ही पुतळ्यासारखं बसायचं नाही, ज्याचा जबडा जास्त हलतो त्याने तोंड उघडं ठेवून किंवा चावत माप द्यावं हे बरं, नाहीतर खुर्चीत छान बसलेला मोल्ड जेवणाच्या ताटावर सैल होतो. बाहेर काढलेलं माप हातात मागून बघा, दोन्ही वळणं स्पष्ट दिसली पाहिजेत, हवेचे बुडबुडे आणि खड्डे नकोत.

मी हे सगळं इतक्या तळमळीने लिहितेय कारण माझ्या बाबांनी त्यांचा पहिला मोल्ड ४ महिने शर्टाच्या खिशात रुमालात गुंडाळून वागवला. आम्हाला वाटायचं ते घालतात. मी तेव्हा कॉलेजात होते, त्यांना विचारलं तर म्हणाले परत कसं जायचं, त्यांनी एवढं केलंय, वाईट वाटेल. त्या ४ महिन्यांत घरात जे काही बोललं गेलं त्यातलं निम्मं त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. नवीन माप घ्यायला २० मिनिटं लागली.

प्रश्न (कोल्हापूर): मोल्ड दुखत नाही पण माझाच आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येतो.

"ई" आणि "ऊ" लांबवून म्हणा आणि मग "आ" म्हणा. ई-ऊ ला जास्त घुमत असेल तर कान बंद झाल्यामुळे होतंय. तुमच्या बोलण्याची कंपनं नळीत अडकून पडतात, मोकळा कान असतो तेव्हा ती बाहेर निघून जातात. मोल्डमध्ये आरपार बारीक भोक असतं, व्हेंट म्हणतात, ते आधी मळाने बुजलंय का बघा. मोकळं असूनही घुमत असेल तर ते मोठं करून घेता येतं, १ मिलिमीटरचं २ केलं तरी फरक कळतो. पण तुम्हाला ऐकायलाच खूप कमी येत असेल तर मोठ्या भोकातून आवाज गळून शिट्टी येईल, तेव्हा किती मोठं करायचं ते ऑडिओलॉजिस्टला (ऐकण्याची तपासणी करून मशीन लावून देणाऱ्या तज्ज्ञाला) ठरवू द्या.

प्रश्न (रत्नागिरी): पावसाळा लागला की मशीनच्या कानाला प्रचंड खाज, कधी ओलसर वाटतं. आजी म्हणते कोमट तेल घाल.

आजींना माझा नमस्कार सांगा आणि तेलाची वाटी लांब ठेवा. कोकणातला पाऊस, दमट हवा आणि वर मोल्डने बंद केलेला कान, बुरशीला यापेक्षा चांगली जागा मिळायची नाही. खाज आणि ओल दोन्ही आहे म्हणजे डॉक्टरांना दाखवा, बुरशी असेल तर साफ करून थेंब देतील आणि तेवढे दिवस मशीनला सुट्टी. तेलाने बुरशी जात नाही आणि ते तेल रिसिव्हरच्या जाळीत जाऊन मशीन मुकं होतं ते वेगळंच. हेअरपिन, काडी, गाडीची किल्ली काहीही कानात घालू नका.

एरवी रात्री झोपताना मशीन काढायचंच, कानाला हवा लागू दे, आणि मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, जेलच्या गोळ्यांचा रंग बदलला की त्या बदलायच्या. ज्याला जाड पारदर्शक ट्यूब आहे तो मोल्ड मशीनपासून वेगळा काढून कोमट साबणपाण्याने धुता येतो, ट्यूबमधलं पाणी फुग्याच्या पंपाने उडवायचं आणि रात्रभर वाळू द्यायचं. पण ज्या मोल्डमध्ये वायरचा रिसिव्हर बसवलेला आहे तो कधीही धुवायचा नाही, फक्त कोरड्या मऊ फडक्याने पुसायचा, यात खूप जण चुकतात आणि रिसिव्हर जातो. ट्यूब पिवळी आणि ताठ झाली असेल तर तीही बदला, ताठ ट्यूब मोल्डला पिळते आणि मग मोल्डच टोचतोय असं वाटतं. आणि हे सगळं करूनही कोरडी खाज राहिलीच तर मोल्डच्या मटेरियलची अॅलर्जी असू शकते, तसं डॉक्टरांना सांगा, दुसऱ्या मटेरियलमध्ये बनवून मिळतो.

प्रश्न (पुण्याहून एक आई): मुलगी १४ महिन्यांची आहे. दर २-३ महिन्यांनी मोल्ड शिट्टी मारतो आणि नवीन करायला सांगतात. सासरचे म्हणतात पैसे उकळतायत.

नाही हो, तुमची मुलगी वाढतेय! या वयात कान भराभर मोठा होतो आणि मोल्ड आहे तेवढाच राहतो, म्हणून २-३ महिन्यांनी बदलणं अगदी नेहमीचं आहे, शाळेत जाईपर्यंत हे अंतर वाढत जातं. शिट्टी नको म्हणून आवाज कमी करून ठेवू नका एवढी माझी हात जोडून विनंती, हे तिचं बोलणं शिकायचं वय आहे. दूध पिताना मांडीला किंवा उशीला कान टेकला की जी शिट्टी येते ती वेगळी, ती बाजू बदलली की थांबते. तिला मोल्ड मऊच घ्या, मशीनला दोरी लावून फ्रॉकला क्लिप करा. खर्चासाठी केंद्र सरकारच्या एडिप योजनेची (दिव्यांगांना साधनं मिळवून देणारी योजना) चौकशी करा, उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर मदत मिळते, आणि मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासून ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीच काम करते, तिथे एकदा जाऊन या. कुठेही गेलात तरी माप घेणाऱ्या ऑडिओलॉजिस्टचं भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन आहे का विचारा, विचारण्यात काही गैर नाही.

प्रश्न (सोलापूरहून एक काकू): मला चष्मा आहे आणि मी बुगडी घालते, आता मशीन. कानामागे इतकी दाटी झालीये की संध्याकाळी कान हुळहुळतो. बुगडी काढून ठेवू का?

अजिबात नको काकू, वर्षानुवर्षं घातलेला दागिना आहे तो. बुगडीचं मळसूत्र मागे किती बाहेर येतंय ते बघा, तेच मशीनवर घासत असणार, सोनाराकडून दांडी आखूड करून घ्या. चष्म्याची काडी जाड असेल तर पुढच्या वेळी पातळ काडीची फ्रेम निवडा, आणि चष्मा काढताना दोन्ही हातांनी सरळ पुढे काढा, एका हाताने ओढलात की मशीनही येतं. लग्नकार्यात सोन्याचे वेल घालाल तेव्हा ते कानामागून न नेता कानाच्या पुढून केसांत अडकवा. आणि मशीनची वायर परत मापायला जाल तेव्हा बुगडी घालून, चष्मा लावूनच जा, म्हणजे माप घेणाऱ्याला रोजचा कान दिसेल.