टेस्ट राइडमध्ये डेमो गाडी पडली, शोरूमने लायसन्स ठेवून घेतलं

प्रश्न : नाशिकमधल्या एका शोरूममधून २०० सीसीची डेमो मोटरसायकल टेस्ट राइडला घेतली. बरोबर शोरूमचा माणूस नव्हता. गंगापूर रोडच्या आतल्या रस्त्यावर उजवीकडे वळताना खडीवरून घसरून गाडी उजव्या अंगावर पडली. मला थोडं खरचटलं, दुसऱ्या कुणाला काही झालं नाही. शोरूमने १८,४०० रुपयांचं एस्टिमेट हातात दिलं. त्यात ब्रेक लिव्हर, क्लच लिव्हर, उजवा इंडिकेटर, आरसा, लेग गार्ड, सायलेन्सर कव्हर आणि नवीन टाकी आहे. पैसे भरेपर्यंत माझं ओरिजिनल लायसन्स देणार नाही म्हणतात. मी गाडी घेण्याचा विचार सोडला, तर बुकिंगचे ५,००० रुपयेही अडकवून ठेवलेत. 'नुकसानीची पूर्ण जबाबदारी माझी' अशा फॉर्मवर मी सही केली आहे. सगळे पैसे द्यावेच लागतील का?

उत्तर : आधी लायसन्स सोडवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ प्रमाणे लायसन्स ताब्यात घेण्याचा अधिकार पोलीस अधिकाऱ्याला किंवा सरकारने तसा अधिकार दिलेल्या व्यक्तीला असतो, तोही ठरावीक कारणांसाठीच. शोरूमला तो अधिकार नाही. टेस्ट राइडआधी लायसन्स पाहणं, त्याची प्रत ठेवणं योग्यच आहे. वसुलीसाठी तारण म्हणून ते अडकवणं बेकायदा आहे. तोवर गाडी चालवताना डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स दाखवा, ते ग्राह्य आहे. 'हरवलं' असं लिहून डुप्लिकेट मात्र काढू नका. लायसन्स कुठे आहे हे तुम्हाला माहीत आहे, म्हणजे ते खोटं निवेदन ठरेल.

आता मुख्य प्रश्न. डेमो गाडी तुमच्या हातात दिली, तेव्हा करार कायद्याच्या भाषेत तो निक्षेप झाला, म्हणजे ठरावीक कामापुरती वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणं. कलम १५१ प्रमाणे साधारण शहाणा माणूस स्वतःची वस्तू जितकी जपतो, तितकी ती जपणं तुमचं कर्तव्य. तितकी काळजी घेतली असेल, तर कलम १५२ प्रमाणे नुकसानीची जबाबदारी येत नाही. पण त्याच कलमात 'वेगळा करार नसेल तर' अशी अट आहे, आणि शोरूम तुमचा फॉर्म नेमका तिथेच पुढे करेल. म्हणून त्या सहीला काहीच किंमत नाही, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण तिच्या जोरावर शोरूमला मनाला येईल तो आकडाही मागता येत नाही. कलम ७३ आणि ७४ मिळून सांगतात ते इतकंच : भरपाई प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीपुरती आणि वाजवी.

काळजी घेतली हे दाखवण्याचा भार तुमच्यावर येतो. खडीचे फोटो, जवळच्या दुकानाचं सीसीटीव्ही चित्रीकरण, फोनमधली लोकेशनची नोंद आजच जमवा. सीसीटीव्हीवर जुनं चित्रण पुसून नवं चढत राहतं, त्यामुळे तिथे आधी जा. एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा : शोरूमने ठरवून दिलेल्या रस्त्याबाहेर गेला होतात का, किंवा गाडी मित्राच्या हातात दिली होती का? तसं असेल तर कलम १५४ लागू होतं. अटीबाहेरच्या वापरात झालेलं नुकसान, तुमची चूक नसली तरी, तुमच्या अंगावर येतं.

एस्टिमेट ओळीनं वाचा. गाडी उजव्या अंगावर पडली. उजव्या हाताला पुढच्या ब्रेकचा लिव्हर, उजव्या पायाशी मागच्या ब्रेकचं पेडल, आणि बहुतेक मोटरसायकलींचा सायलेन्सरही त्याच बाजूला. तेव्हा ब्रेक लिव्हर, इंडिकेटर, आरसा, लेग गार्ड आणि सायलेन्सर कव्हर पटण्यासारखे आहेत. क्लच लिव्हर डाव्या हाताला असतो. तो या पडण्यात कसा मोडला, हे शोरूमने सांगावं. टाकीला पोचा आला असेल, तर पोचा काढून रंग देणं आणि नवीन टाकी बसवणं यांच्या खर्चात मोठा फरक असतो. नवीनच हवी असेल, तर कारण लेखी मागा आणि जुने सुटे भाग दाखवायला सांगा. आणखी एक : शोरूमचं स्वतःचं नुकसान म्हणजे सुटे भाग त्यांना ज्या किमतीला पडतात ती किंमत. गिऱ्हाइकाला लावायचा दर आणि त्यावरची मजुरी यांत त्यांचा नफाही धरलेला असतो, आणि नफ्याला नुकसान म्हणत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं, विमा. डेमो गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा विमा होता का, क्लेम केला का, क्लेम क्रमांक काय, हे लेखी विचारा. क्लेम मंजूर झाला तर शोरूमच्या पदरी उरते ती अनिवार्य वजावट (क्लेममधली मालकाने सोसायची ठरावीक रक्कम) आणि घसारा (भाग जुना झाल्याबद्दलची कपात). प्लास्टिक आणि रबरी भागांवर घसारा ५० टक्के कापतात, सहा महिन्यांच्या आतल्या गाडीच्या धातूच्या भागांवर काही कापत नाहीत. विमा कंपनीने भरलेली रक्कम शोरूमला तुमच्याकडून पुन्हा मागता येणार नाही. उत्तर टाळलं, तर नंबर प्लेट आठवून पाहा. लाल पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे गाडी ट्रेड सर्टिफिकेटवर, म्हणजे नोंदणी न झालेली गाडी रस्त्यावर नेण्याच्या डीलरच्या परवान्यावर, चालते. एमएच-१५ चा कायमचा नंबर असेल तर विम्याची मुदत एमपरिवहनवर दिसते. नोंदणीची कागदपत्रं मुदतबाह्य असतील तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते, तसा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. शोरूमच्या कागदपत्रांतल्या उणिवेचा भुर्दंड तुम्ही भरण्याचं कारण नाही.

बुकिंगचे ५,००० रुपये हा वेगळा व्यवहार. पावतीवर रद्द केल्यास कपातीची अट असेल तर तेवढी कपात होईल. पण नुकसानीचा आकडाच ठरलेला नसताना ती रक्कम परस्पर वळती करणं चालणार नाही.

स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, सात दिवसांची मुदत द्या : लायसन्स परत करा, क्लेमची माहिती द्या, भागवार हिशेब आणि अपघाताआधीचे गाडीचे फोटो द्या, बुकिंगची रक्कम परत करा. उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि मग नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. बुकिंगचे पैसे भरल्यामुळे 'तुम्ही ग्राहकच नाही' हा बचाव शोरूमला जड जाईल. लायसन्ससाठी पोलीस ठाण्यातही अर्ज द्या. दिवाणी वाद आहे असं सांगतील, तरी पोच घेऊन ठेवा.

पुढच्या टेस्ट राइडला, दुसऱ्या शोरूममध्येही, निघण्याआधी गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा : टाकी, दोन्ही लिव्हर, हँडलची टोकं, सायलेन्सर, टायर. जुने ओरखडे फॉर्मवर लिहून घ्या. लायसन्स गिअरच्या मोटरसायकलचं आहे ना, ते पाहा. फक्त विनागिअरच्या लायसन्सवर गिअरची गाडी चालवली तर विम्याचा आधार जातो. आयएसआय हेल्मेट स्वतःचं न्या. उभ्या गाडीवर बसून दोन्ही पाय टेकतात का पाहा, आवारातच दोनदा ब्रेक दाबून घ्या. सिंगल चॅनल एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकाला असतं. खडीवर मागचा ब्रेक जोरात दाबला की मागचं चाक लॉक होऊन गाडी आडवी होते. फॉर्मवरच्या 'पूर्ण जबाबदारी' पुढे स्वतःच्या हाताने 'विम्यातून न मिळणाऱ्या वाजवी रकमेपुरती' असं लिहा आणि मगच सही करा. ते नाही म्हणाले, तर ती गाडी चालवू नका.

तडजोडीला बसलात आणि थोडी चूक आपली आहे असं वाटत असेल, तर विमा वजा जाता उरलेली रक्कम देणं रास्त आहे. ती रोख देऊ नका, यूपीआयने किंवा चेकने द्या. 'या अपघाताबाबत आता काही येणे नाही' असं शिक्क्यासह लिहून घ्या आणि लायसन्स त्याच वेळी हातात घ्या.