सिस्टिम इमेज परत टाकली तर सी ड्राइव्हवरच्या फाइल राहतात का?

नाही, राहत नाहीत. तुम्ही लिहिलंय की विंडोज १० निळ्या पडद्यावरच अडकतंय, बाहेरच्या हार्डडिस्कवर फेब्रुवारीत घेतलेली सिस्टिम इमेज (विंडोजसकट ड्राइव्हची हुबेहूब प्रत) आहे आणि त्यानंतरचं काम डेस्कटॉपवर आहे. इमेज टाकली की डिस्क फेब्रुवारीत होती तश्शी होणार, नंतरचं सगळं पुसलं जाणार. फाइल ठेवून फक्त विंडोज नवं करायचा पर्याय असतो, पण तो 'रिसेट'मध्ये. इमेजचा मामला वेगळा.

हे मी ठेच खाऊन शिकलोय. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशेब बघतो. कॉम्प्युटरचा माणूस नव्हे, पण ऑफिसात दुसरं कोणी नाही म्हणून तेही माझ्याच गळ्यात. एका एप्रिलमध्ये अपडेट चालू असताना लाइट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली, बदलू-बदलू म्हणत राहून गेलेली. माझ्याकडे जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत घेतलेली इमेज होती. मोठ्या ऐटीत टाकली, तासाभरात विंडोज चकाचक! हिशेबाचं टॅली उघडलं तर शेवटची एंट्री जानेवारीची. मार्च एंडिंगचं सगळं काम साफ. बिलबुकं समोर घेऊन आठवडाभर एंट्र्या मारल्या. शेठ त्या दिवशी तेलुगूत जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तेव्हा इमेजला हात लावायच्या आधी डेटा बाहेर काढा. विंडोज सुरू होत नसलं तरी तो निघतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर, किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर, मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोजचा इन्स्टॉलर बनवा. त्यावरून कॉम्प्युटर सुरू (बूट) करा, पण 'इन्स्टॉल' दाबू नका. खालच्या कोपऱ्यातलं 'रिपेअर युवर कॉम्प्युटर' घ्या आणि ट्रबलशूटमधून कमांड प्रॉम्प्ट (हुकूम टाइप करायची काळी खिडकी) उघडा. तिथं नोटपॅड असं टाइप केलं की नोटपॅड उघडतं. त्याच्या फाइल-ओपनच्या खिडकीत 'ऑल फाइल्स' निवडा, मग तीच खिडकी एक्सप्लोररसारखी वापरता येते. फोल्डरवर राइट क्लिक, कॉपी, दुसऱ्या ड्राइव्हवर पेस्ट. किती झालं ते पडद्यावर दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. धीर धरा. आणि इथं ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. तुमचा सी कदाचित डी म्हणून दिसेल, घाबरू नका. टॅली वापरत असाल तर कंपनीचा डेटा १०००० अशा नुसत्या आकड्याच्या नावाच्या फोल्डरात असतो. फालतू समजून तोच मागे ठेवाल. ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) असेल तर आधी ४८ आकडी रिकव्हरी की लागेल, ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सापडायची शक्यता जास्त.

आता इमेज. बाहेरच्या डिस्कवर विंडोजइमेजबॅकअप नावाचा फोल्डर असेल. तो थेट डिस्कच्या मुळाशीच हवा. 'जुने बॅकअप' वगैरे फोल्डरात सरकवला असेल किंवा नाव बदललं असेल तर विंडोजला तो सापडत नाही. डिस्क जोडून त्याच पेनड्राइव्हवरून ट्रबलशूटमध्ये 'सिस्टिम इमेज रिकव्हरी' निवडा. पुढचं सगळं तो विचारत जातो. एकच बघा: मशीनमध्ये दुसरी डिस्क असेल तर 'एक्सक्लूड डिस्क्स'मध्ये तिच्यावर टिक करा, नाहीतर ती काढूनच ठेवा. मी काढूनच ठेवतो.

गाडी अडते ती दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे इमेज यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) मोडमधल्या विंडोजची असेल तर पेनड्राइव्हही यूईएफआयमध्येच बूट व्हायला हवा. बूट मेनूत बऱ्याचदा एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एका नावाच्या आधी यूईएफआय लिहिलेलं असतं. चुकीचा निवडला की फर्मवेअर वेगळं असल्याची तक्रार करून तो थांबतो. दुसरं, डिस्कचा आकार. जुनी ५०० जीबीची हार्डडिस्क गेली म्हणून मी नवी पेठेतून ४८० जीबीची एसएसडी आणली होती. आत डेटा सगळा मिळून ९० जीबी, पण इमेज काही बसेना. नवी डिस्क जुन्याएवढी किंवा मोठीच लागते, आत किती भरलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. गेलो परत बदलायला.

बाहेरची डिस्क निळ्या यूएसबी पोर्टला लावा. जुन्या यूएसबी २ च्या पोर्टला सेकंदाला साधारण ३० एमबी मिळतात, म्हणजे १२० जीबीची इमेज तासाभराच्या वर जाते. तेवढा वेळ लाइट टिकेल का, हे सोलापुरात उन्हाळ्यात कोणी छातीठोक सांगू शकत नाही, तेव्हा यूपीएस लागेलच. मध्येच बंद पडलं तर इमेजला धक्का लागत नाही, पण पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

इमेजमधली एखादीच जुनी फाइल हवी असेल तर हा सगळा खटाटोप नको. त्या फोल्डरात व्हीएचडीएक्स फाइल (आख्खा ड्राइव्ह एका फाइलीत) असतात. दुसऱ्या विंडोजवर डिस्क मॅनेजमेंटमधून त्यातली मोठी फाइल 'रीड-ओन्ली' टिक करून 'अटॅच' करा, ड्राइव्हसारखी उघडते.

आणि हो, सगळं नीट झाल्यावर लॉगिनला पासवर्ड चुकीचा म्हणाला तर डोकं धरू नका. लोकल अकाउंट असेल तर पासवर्डही फेब्रुवारीचाच लागतो. आमच्या शेठनी मध्ये तो बदलला होता, आणि जुना कोणता ते आठवायला त्यांना दोन चहा लागले.